लाळेचा अहवाल निर्दोष आला, तर गालातल्या चट्ट्याचे काय?

वाचकाचे पत्र: माझे यजमान ५२ वर्षांचे आहेत. वीस-बावीस वर्षे त्यांना तंबाखूचे व्यसन होते. गेल्या वर्षी त्यांनी ते सोडले. दोन महिन्यांपासून त्यांच्या डाव्या गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरा चट्टा आहे. तो दुखत नाही, पण जातही नाही. दंतवैद्यांनी बायोप्सी करून घ्यायला सांगितले आहे, मात्र तुकडा काढला की नसलेला आजार उठतो, असे यजमानांच्या मनाने घेतले आहे. त्याऐवजी त्यांनी लाळ तपासण्याचा एक संच मागवला आहे. नळीत थुंकायचे, नळी पाठवून द्यायची, की तोंडाच्या कर्करोगासह अनेक आजारांचा अहवाल मिळतो, असे त्यावर लिहिले आहे. अहवाल निर्दोष आला तर बायोप्सीची गरज उरणार नाही, असे ते म्हणतात. माझ्या थोरल्या बहिणीला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता, त्यामुळे माझी आणि माझ्या २४ वर्षांच्या मुलीचीही लाळ तपासून घ्यावी असे मला वाटू लागले आहे. लाळेवरून कर्करोग खरोखर कळतो का?

भगिनी,

आधी तुमच्या यजमानांच्या चट्ट्याविषयी लिहितो, कारण तिथे वेळ घालवून चालणार नाही. दंतवैद्यांनी सुचवलेली बायोप्सी करून घ्या, आणि लाळेच्या अहवालाची वाट पाहत ती पुढे ढकलू नका. तो संच उत्तम प्रयोगशाळेचा असला, तरी माझे उत्तर हेच राहील. तोंडातला चट्टा, व्रण किंवा गाठ दोन ते तीन आठवड्यांत बरी झाली नाही, तर ती जाणत्या डॉक्टरांनी नीट उजेडात पाहिली पाहिजे आणि बोटांनी चाचपली पाहिजे, असा वैद्यकातला सर्वत्र पाळला जाणारा दंडक आहे. तुमच्याकडे तर दोन महिने उलटून गेले आहेत. चट्टा दुखत नाही यावर विसंबू नका. तोंडाचा कर्करोग सुरुवातीच्या काळात बहुधा दुखत नाही, आणि तो उशिरा सापडण्याचे हे एक मोठे कारण आहे.

याचा अर्थ यजमानांना कर्करोगच झाला आहे, असा मात्र काढू नका. तंबाखूच्या व्यसनानंतर तोंडात उमटणारे, घासून न निघणारे आणि दुसऱ्या कोणत्याही आजाराने ज्यांचा उलगडा होत नाही, अशा पांढऱ्या चट्ट्यांना ल्युकोप्लाकिया म्हणतात, आणि त्यांपैकी बहुतेकांचे कर्करोगात कधीच रूपांतर होत नाही. काहींचे मात्र होते, आणि थोड्या जणांत चट्टा दिसू लागतो तेव्हाच कर्करोगाची सुरुवात झालेली असते. लालसर किंवा लाल-पांढरा, खडबडीत, बोटाला कडक लागणारा चट्टा अधिक धोक्याचा मानला जातो, पण केवळ वरून पाहून खात्रीने सांगणे अनुभवी तज्ज्ञालाही जमत नाही. पेशींची ठेवण बिघडली आहे का, बिघडली असल्यास किती, आणि तो बिघाड अस्तराच्या वरच्या थरापुरता आहे की खालच्या ऊतीत उतरला आहे, हे तुकड्याचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच समजते. पुढचा सगळा निर्णय याच माहितीवर ठरतो. लाळेत झडलेल्या पेशी येतात, त्यांच्यातले रेणू येतात, पण त्या पेशी कोणत्या थरात आणि कशा रचलेल्या होत्या, हे लाळेच्या नळीत उतरत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. लाळेवरून आजार ओळखण्याची कल्पना ही भोंदूगिरी नव्हे, हे मी आवर्जून सांगतो, कारण यजमानांशी बोलताना तुम्ही तिला सरसकट खोटे ठरवलेत, तर ते तुमचे पुढचे बोलणे ऐकणार नाहीत. आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. तिच्यात ९९ टक्के पाणी असते आणि उरलेल्या जेमतेम एक टक्क्यात प्रथिने, संप्रेरके, प्रतिपिंडे, क्षार, जिवाणू, गाला-जिभेच्या अस्तरावरून गळलेल्या पेशी आणि डीएनए-आरएनएचे तुकडे असतात. लाळग्रंथींभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे असते, त्यामुळे रक्तातले काही रेणू ग्रंथींतून लाळेत झिरपतात. हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीतूनही रक्तद्रवातले घटक तोंडात उतरतात. अमेरिकेतल्या काही प्रयोगशाळांनी मिळून २००८ मध्ये लाळेतल्या प्रथिनांची एक यादी प्रसिद्ध केली, तिच्यात १,१६६ प्रथिने होती. एवढे काही ज्या द्रवात आहे, जो सुई न टोचता मिळतो आणि वारंवार घेता येतो, त्याच्याकडे संशोधकांचे लक्ष गेले यात नवल नाही.

त्यातही तोंडाच्या कर्करोगाची गोष्ट वेगळी आहे. यकृत, स्वादुपिंड किंवा फुप्फुस यांतल्या गाठीचे रेणू आधी रक्तात मिसळतात, तिथे विरळ होतात आणि मग त्यांचा अल्पसा अंश लाळेत पोचतो. रक्तातल्या कित्येक प्रथिनांचे लाळेतले प्रमाण शेकडो पटींनी कमी भरते. तोंडातली गाठ मात्र लाळेतच बुडालेली असते आणि तिच्या पेशी थेट लाळेत गळतात. म्हणून एकाच नळीतून ‘अनेक आजार’ ओळखण्याचा दावा वाचताना हा फरक लक्षात ठेवावा. तोंड आणि घसा यांच्याबाबत त्या दाव्याला जेवढा शास्त्रीय पाया आहे, तेवढा शरीराच्या दूरच्या भागांतल्या कर्करोगांबाबत आज नाही.

या विषयातले दोन अभ्यास मला महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांचे बारकावे तुमच्या निर्णयाला थेट लागू पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या डेव्हिड वाँग यांच्या गटाने २००४ मध्ये तोंडाचा कर्करोग झालेल्या ३२ रुग्णांच्या लाळेची ३२ निरोगी व्यक्तींच्या लाळेशी तुलना केली. रुग्णांच्या लाळेत काही विशिष्ट संदेशवाहक आरएनए वाढलेले आढळले, आणि त्यांतल्या चार रेणूंचा एकत्र विचार केल्यावर रुग्ण आणि निरोगी असे दोन्ही गट सुमारे ९१ टक्के अचूकतेने ओळखता आले. हा निकाल आशादायक होता, यात शंका नाही. पण तुलना कोणाशी होती ते पाहा. एका बाजूला निश्चित कर्करोग होता आणि दुसऱ्या बाजूला निरोगी तोंड. तुमच्या यजमानांचे तोंड या दोहोंत बसत नाही. त्यांच्या गालात चट्टा आहे, वर्षानुवर्षांच्या तंबाखूचे परिणाम आहेत आणि कदाचित हिरड्यांची सूजही असेल. त्या चार रेणूंपैकी इंटरल्यूकिन-८ आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दोन रेणू दाहाशी संबंधित आहेत, आणि हिरड्यांच्या साध्या आजारातही त्यांचे प्रमाण वाढते. कर्करोग आणि निरोगीपण यांच्यात फरक करता येणे एक, आणि कर्करोगाचा चट्टा व निरुपद्रवी चट्टा यांच्यात फरक करता येणे दुसरे. तुमचा प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे.

दुसरा अभ्यास जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांचा आहे. त्यांनी २०१५ मध्ये डोके आणि मान या भागांतल्या कर्करोगाच्या ९३ रुग्णांची लाळ तपासली, आणि ज्या ४६ जणांचा कर्करोग मुखपोकळीत होता त्या सर्वांच्या लाळेत गाठीतून आलेला डीएनए सापडला. घशाच्या मागच्या भागात किंवा स्वरयंत्रात गाठ असलेल्यांत हे प्रमाण बरेच कमी होते. शेकडा शंभर हा आकडा वाचून कोणालाही वाटेल की आता बायोप्सी कशाला हवी. पण संशोधकांनी आधी प्रत्येकाच्या गाठीची तपासणी करून तिच्यातले जनुकीय बदल शोधले होते, किंवा ह्युमन पॅपिलोमा या, घशाच्या काही कर्करोगांना कारण ठरणाऱ्या, विषाणूचा डीएनए तिच्यात आहे हे पाहिले होते, आणि मग नेमकी तीच खूण लाळेत हुडकली. म्हणजे काय शोधायचे ते गाठीच्या तुकड्यानेच त्यांना सांगितले होते. अशा तपासणीचा खरा उपयोग पुढे उपचारांनंतर होऊ शकतो, कारण रुग्णाच्या गाठीची खूण ठाऊक असली की ती लाळेत पुन्हा दिसते का यावर लक्ष ठेवता येते. संशोधन या दिशेनेही चालू आहे.

निर्दोष अहवालावर भिस्त का ठेवू नये, हे आकड्यांतून अधिक स्पष्ट होईल. हे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत. समजा एखादी चाचणी कर्करोग असलेल्या १०० जणांपैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि कर्करोग नसलेल्या १०० जणांपैकी ९५ जणांना बरोबर निर्दोष ठरवते. कोणतीही तक्रार नसलेल्या १०,००० लोकांत खरोखर आजारी असे १० जण असतील, तर ती त्यांतल्या ९ जणांना पकडेल. पण उरलेल्या ९,९९० निरोगी लोकांपैकी सुमारे ५०० जणांनाही दोषी ठरवेल. दोष दाखवणाऱ्या दर ५०-६० अहवालांत खरा आजार जेमतेम एकाला असेल, आणि बाकीच्यांच्या वाट्याला काळजी, स्कॅन आणि अनावश्यक तपासण्या येतील. आता हीच चाचणी ज्यांच्या तोंडात संशयास्पद चट्टा आहे अशा १,००० जणांवर केली आणि त्यांतल्या १०० जणांना कर्करोग असला, तर ९० जण सापडतील आणि १० जण ‘निर्दोष’ असा कागद हातात घेऊन घरी जातील. चट्टा तोच, व्यसनाचा इतिहास तोच, फक्त शंका मिटलेली. त्या दहा जणांचे पुढचे सहा महिने मला सर्वांत जास्त धास्तावतात, कारण तोंडाचा कर्करोग मानेतल्या लसीकाग्रंथींपर्यंत पोचण्याआधी सापडला तर उपचार आटोपशीर असतात आणि बरे होण्याची शक्यता खूपच चांगली असते. नंतर दोन्ही गोष्टी बदलतात.

यजमानांपुढे हा हिशेब असाही मांडून पाहा: लाळेच्या अहवालात दोष निघाला तर पुढची पायरी बायोप्सीच आहे, आणि दोष निघाला नाही तरी चट्टा जागेवर असल्याने पुढची पायरी बायोप्सीच आहे. ज्या तपासणीच्या दोन्ही उत्तरांनंतर एकच गोष्ट करायची आहे, तिच्यासाठी आठवडे घालवण्यात काय हशील? अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये तोंडातल्या संशयास्पद चट्ट्यांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या, तेव्हा लाळेवर आधारलेल्या चाचण्यांची शिफारस केली नाही. चट्टा संशयास्पद वाटल्यास तातडीने बायोप्सी करावी किंवा रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, असे सांगितले. त्यानंतर या क्षेत्रात बरेच काम झाले आहे, नव्या चाचण्या आल्या आहेत आणि काही खरोखर चांगल्या ठरतीलही, पण बायोप्सीची जागा घेण्याची योग्यता त्यांच्यात अजून आलेली नाही.

उलट, नुसत्या पाहण्याला पुरावा आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्या लोकांत, अशी तपासणी झालेल्या गटातले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू तपासणी न झालेल्या गटापेक्षा ३४ टक्क्यांनी कमी होते. तुमच्या दंतवैद्यांनी चट्टा पाहिला आणि त्यांना शंका आली, हे या साध्या तपासणीचेच फळ आहे. ते वाया जाऊ देऊ नका.

बायोप्सीच्या भीतीकडे मी दुर्लक्ष करणार नाही, कारण ती खरी आहे आणि फार जणांना असते. ती रुजण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. तुकडा ज्यांचा काढला जातो त्यांच्यात आजाराची शंका आधीच बळावलेली असते, निदान तुकड्यानंतर काही दिवसांनी हाती येते, आणि काहींचा आजार तोवर पुढे गेलेला असतो. त्यामुळे घटनांचा क्रम पाहणाऱ्याला तुकडा हेच कारण वाटते. नसलेला कर्करोग तुकडा काढल्याने निर्माण होत नाही. असलेल्या कर्करोगावर शस्त्रक्रिया करायची की किरणोपचार द्यायचे, किती भाग काढायचा, हे बायोप्सीच्या अहवालाशिवाय कोणताही जबाबदार डॉक्टर ठरवत नाही. गालातल्या चट्ट्याची बायोप्सी बहुधा जागा बधिर करून काही मिनिटांत होते, काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, गरज पडल्यास एक-दोन टाके घालतात, आणि जखम साधारणपणे आठवडा-दोन आठवड्यांत भरते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा कोणत्या औषधाची ॲलर्जी असेल, तर ते आधी सांगावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. अहवाल आल्यावर ‘कर्करोग आहे का’ एवढेच विचारून थांबू नका. डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींच्या रचनेतला बिघाड, आहे का आणि कितपत आहे, चट्टा पूर्ण काढावा का, आणि पुन्हा तपासणीला किती महिन्यांनी यायचे, हेही विचारा. अहवाल चांगला आला तरी चट्ट्यावर नजर ठेवावी लागते, आणि पुढे तो वाढला किंवा त्याचे रूप बदलले तर पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. यजमानांनी तंबाखू सोडली हे त्यांनी स्वतःसाठी केलेले फार मोठे काम आहे, ते त्यांना मनापासून सांगा. धोका त्याने कमी होत जातो, पण एका वर्षात नाहीसा होत नाही.

लाळेच्या तपासणीला वैद्यकात पक्के स्थान मिळालेली ठिकाणेही आहेत. कुशिंग सिंड्रोम या आजारात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते, आणि निरोगी माणसात ते मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. म्हणून रात्री उशिरा घरीच घेतलेली लाळ, तीही एकाहून अधिक रात्रींची, निदानासाठी वापरतात. हिरड्यांवरून फिरवलेल्या पट्टीवर एचआयव्हीचे प्रतिपिंड ओळखणारी घरगुती चाचणी अमेरिकेत २०१२ मध्ये मान्य झाली, पण तीत दोष दिसला तर प्रयोगशाळेतल्या तपासणीने खात्री करावीच लागते, आणि संसर्गानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तिचे ‘निर्दोष’ हे उत्तर भरवशाचे नसते. नवजात बाळाला गर्भातच सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झाला आहे का, हेही लाळेवरून चांगले कळते, पण आईच्या दुधातून तोच विषाणू बाळाच्या तोंडात आलेला असू शकतो, म्हणून लघवीच्या तपासणीने पडताळा घेतात. या सगळ्या ठिकाणी काय शोधायचे ते नेमके ठरलेले आहे, लाळ कधी आणि कशी घ्यायची ते ठरलेले आहे, आणि उत्तरानंतर काय करायचे तेही ठरलेले आहे. कोणत्याही संचाची पारख करताना याच तीन गोष्टी विचाराव्यात.

तुमच्या आणि मुलीच्या बाबतीत लाळेचे काम अगदी निराळे आहे. लाळेतल्या पेशींतून तुमचा जन्मजात डीएनए मिळतो, आणि त्यावरून आनुवंशिक धोका तपासता येतो. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतले, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारे बदल रक्ताप्रमाणे लाळेच्या नमुन्यावरूनही ओळखता येतात. पण अशा तपासणीने आज कर्करोग आहे की नाही ते कळत नाही. पुढे तो होण्याचा कल किती, एवढेच कळते. ब्रिटनमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांच्या लाळेतल्या डीएनएवरून प्रोस्टेटच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका मोजला गेला आणि सर्वाधिक धोक्याच्या दहा टक्क्यांतल्या पुरुषांना पुढच्या तपासण्यांसाठी बोलावले गेले. एमआरआय आणि बायोप्सी झालेल्या ४६८ जणांपैकी १८७ जणांना कर्करोग आढळला. लाळेने त्यांना रांगेत पुढे आणले, निदान मात्र बायोप्सीनेच केले. त्यात भाग घेतलेले पुरुष युरोपीय वंशाचे होते, त्यामुळे तीच मोजपट्टी इतर वंशांच्या लोकांना जशीच्या तशी लावता येत नाही.

तुमच्या घरात सुरुवात बहिणीपासून व्हायला हवी. ४१व्या वर्षी झालेला स्तनाचा कर्करोग हे आनुवंशिक तपासणीचा विचार करण्याचे पुरेसे कारण आहे, आणि ती तपासणी ज्याला आजार झाला त्याची आधी केली तर तिचे उत्तर सर्वांत उपयोगी ठरते. बहिणीच्या जनुकात दोष सापडला, तर तोच दोष तुमच्यात असण्याची शक्यता निम्मी असते, आणि मग केवळ त्या एका दोषासाठी तुमची तपासणी करता येते; तुमच्यात तो नसेल, तर तुमच्या बाजूने तो मुलीकडे जाण्याचा प्रश्नच उरत नाही. बहिणीची तपासणी न करता मुलीची लाळ पाठवली आणि अहवाल निर्दोष आला, तर घराण्यात दोषच नाही, की आहे पण या चाचणीत तो पाहिलाच गेला नाही, हे सांगता येणार नाही. म्हणून आता संच मागवू नका. बहिणीने तिच्या कर्करोगतज्ज्ञांकडून आनुवंशिक समुपदेशकाकडे जाण्याची चिठ्ठी घ्यावी. जाताना आईकडच्या आणि वडिलांकडच्या नातेवाइकांपैकी कोणाला कोणता कर्करोग कितव्या वर्षी झाला, हे लिहून न्या. विशेषतः बीजाशयाचा, स्वादुपिंडाचा आणि पुरुषांतला स्तनाचा कर्करोग विसरू नका, आणि वडिलांकडची बाजू गाळू नका, कारण हे दोष वडिलांकडूनही येतात.